शून्य, एक, दोन : त्रिमान पद्धतीतल्या पूर्णांकांची प्रस्तावना

अंकांच्या गमतींना गणितात मानाचं पान क्वचितच मिळतं. ४९५ किंवा ६१७४ यांसारख्या संख्यांचं कौतुक रविवारच्या पुरवण्यांत होतं, मुलं त्या करून बघतात, एखादे शिक्षक ऑफ तासाला त्या फळ्यावर मांडतात. गणितज्ञाला विचारलं, तर तो बहुधा सांगेल की हे गुण संख्येचे नाहीतच, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठ असती तर ६१७४ कडे कोणी वळूनही पाहिलं नसतं. नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या (१९०५–१९८६) कामाकडे बराच काळ याच नजरेनं पाहिलं गेलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून ते जगापुढे ठेवलं, तेव्हा कापरेकर सत्तरीला पोहोचले होते.

आक्षेप खोटा नाही, पण तो तपासून बघायला हवा. संख्या लिहिण्याची पद्धत बदलली की कोणता गुण टिकतो, कोणता विरून जातो आणि कोणता पूर्वीपेक्षा अवघड होऊन समोर येतो, हे प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय ‘हे नुसतं वरवरचं आहे’ असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. या पुस्तकात ती तपासणी तीनच्या पायावर केली आहे. दोनचा पाया संगणकामुळे सर्वांच्या ओळखीचा झाला. तीनचा मागे राहिला. माझ्या मते अंकलेखन आणि अंकगणित यांचं नातं सगळ्यात स्वच्छ दिसतं ते तीनच्याच पायावर, आणि अंकांविषयीचे सगळ्यात हट्टी प्रश्नही तिथेच भेटतात.

पद्धत अगदी सोपी आहे. तीनने भागत जायचं आणि बाक्या खालून वर वाचायच्या. १०० घेऊ. १०० ला ३ ने भागलं, भागाकार ३३, बाकी १. ३३ चे ११, बाकी ०. ११ चे ३, बाकी २. ३ चा १, बाकी ०. एकाचा शून्य, बाकी १. म्हणजे आपले शंभर त्रिमानात १०२०१ असे लिहायचे: एक एक्क्याऐंशी, सत्तावीस एकही नाही, दोन नऊ, तीन एकही नाही आणि एक एकक. उलटसुलट सारखीच वाचली जाणारी ही संख्या योगायोगानं तशी झालेली नाही. शंभर म्हणजे दहाचा वर्ग आणि दहा त्रिमानात १०१. १०१ चा वर्ग १०२०१ हा गुणाकार तीनपासून पुढच्या कोणत्याही पायावर हातचा न घेता तसाच्या तसा होतो. पहिल्याच उदाहरणात एक गुण पायाला न जुमानणारा निघाला.

आता सम-विषम. दशमानात शेवटचा अंक बघितला की काम झालं. त्रिमानात शेवटच्या अंकावरून फक्त तीनने भाग जातो की नाही एवढंच कळतं. सम-विषम कळायला सगळे अंक मिळवावे लागतात. कारण ३, ९, २७, ८१ हे सगळे घात विषम, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही सम तरी असतात किंवा दोन्ही विषम. १०२०१ ची बेरीज ४, म्हणून संख्या सम. दशमानातली नऊची कसोटी इथे दोनची कसोटी होते, आणि एकाआड एक अंक मिळवून वजा करण्याची अकराची कसोटी इथे चारसाठी लागू पडते. नियम तोच असतो: पायापेक्षा एक कमी आणि पायापेक्षा एक जास्त.

एवढी शिदोरी घेऊन कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांकडे जाऊ. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते: १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणून १५ ही २१ ची जनक. ज्या संख्येला जनकच नाही, ती स्वयंभू. दशमानात १, ३, ५, ७, ९, त्यानंतर २०, ३१, ४२, ५३ असा हा क्रम चालतो. सुरुवातीला अकरा-अकराच्या उड्या दिसतात, पण पुढे त्या मोडतात. कापरेकरांनी या संख्यांना आपल्या गावावरून देवळाली संख्या असंही नाव दिलं होतं.

त्रिमानात काय होतं? संख्या आणि तिची अंकबेरीज एकाच जातीच्या, म्हणून दोहोंची बेरीज नेहमी सम. म्हणजे कोणत्याही विषम संख्येला जनक असू शकत नाही. सगळ्या विषम संख्या स्वयंभू. मग सम संख्यांपैकी काही स्वयंभू आहेत का? शून्यापासून एकेक संख्या घेत जाऊन प्रत्येकीत तिची अंकबेरीज मिळवू. हातचा आला नाही तर संख्या एकने वाढते, अंकबेरीजही एकने वाढते, म्हणून उत्तर दोनने वाढतं. हातचा आला तर शेवटी असलेल्या सगळ्या २ ची शून्यं होतात, अंकबेरीज घटते आणि उत्तर जागच्या जागी राहतं किंवा मागे येतं. म्हणजे ही उत्तरं सगळी सम, वर जाताना एका वेळी दोनपेक्षा जास्त कधीच जात नाहीत, आणि शेवटी हव्या तेवढ्या मोठ्या संख्येच्या पलीकडे पोहोचतात. मधली एकही सम संख्या त्यांच्याकडून सुटू शकत नाही. तेव्हा त्रिमानात स्वयंभू संख्या म्हणजे विषम संख्या, एकही कमी नाही की जास्त नाही. दशमानातला सगळा अनियमितपणा गेला. हीच सिद्धता पाच, सात, नऊ अशा कोणत्याही विषम पायावर चालते.

४९५ चं काय? दशमानात तीन अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करायची, तीच कृती उत्तरावर पुन्हा करायची. तिन्ही अंक सारखे नसतील तर आपण ४९५ वर येऊन थांबतो; चार अंकी संख्यांत हाच मुक्काम ६१७४. त्रिमानात हे करून बघा. ०२२ घेतले तर २२० उणे ०२२ बरोबर १२१. आता २११ उणे ११२ बरोबर पुन्हा ०२२. आपण आठ आणि सोळा यांच्यामध्ये येरझारा घालत राहतो; स्थिर संख्या सापडतच नाही. तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घेतली तरी पहिल्या वजाबाकीत या दोनांपैकीच एक हाती येते, कारण ती वजाबाकी म्हणजे मोठ्या आणि लहान अंकांतल्या फरकाची आठपट. म्हणजे इथे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं: ४९५ चा मुक्काम दहाच्या पायाची देणगी होती.

तीनचा पाया गूढ गोष्टी फक्त उलगडून दाखवतो असं मात्र नाही. तोच शंभर पुन्हा घेऊ. १ पासून १०० पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर त्यात तीनचा घटक किती वेळा येईल? नेहमीची रीत अशी: तीनचे पट ३३, नऊचे ११, सत्तावीसचे ३, एक्क्याऐंशीचा १, एकूण ४८. लजांद्रच्या सूत्रानं हेच उत्तर अंकांवरून मिळतं: शंभरातून त्याची त्रिमानातली अंकबेरीज वजा करा, निम्मे करा. १०० उणे ४, म्हणजे ९६. त्याचे निम्मे ४८. गुणाकारात दडलेले तीनचे घटक संख्येच्या अंकबेरजेत आधीच नोंदलेले आहेत.

पास्कलच्या त्रिकोणात, आपल्याकडच्या मेरुप्रस्तारात, हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. १८७८ मध्ये एदुआर ल्यूका यांनी दिलेल्या प्रमेयावरून असं निघतं, की एखाद्या ओळीत तीनने भाग न जाणाऱ्या संख्या किती, हे त्या ओळीच्या क्रमांकाच्या त्रिमान अंकांवरून सांगता येतं: प्रत्येक अंकात एक मिळवा आणि गुणा. चौथी ओळ १, ४, ६, ४, १. चार म्हणजे त्रिमानात ११, म्हणून दोन गुणिले दोन, चार. आणि खरोखर ६ सोडून चौघांना तीनने भाग जात नाही. शंभराव्या ओळीत १०१ संख्या आहेत, त्यांतल्या काही एकोणतीस-तीस अंकी. १०२०१ वरून दोन, एक, तीन, एक, दोन यांचा गुणाकार १२. म्हणजे त्यांतल्या फक्त बारांना तीनने भाग जात नाही, आणि त्यातली एकही संख्या लिहून काढावी लागली नाही. हे वरवरचं आहे असं कोण म्हणेल?

त्रिमानाचं एक दुसरं रूप आहे, आणि ते मला सगळ्यात देखणं वाटतं. त्यात अंक शून्य, एक आणि उणे एक. त्याचा उगम तराजूच्या एका जुन्या कोड्यात आहे, जे फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथात भेटतं आणि पुढे फ्रान्सच्या बाशेच्या नावावर रूढ झालं: १ पासून ४० पर्यंतचं कोणतंही पूर्ण वजन करायला कमीत कमी किती मापं लागतील? दोन्ही पारड्यांत मापं टाकायची मुभा असेल तर चार पुरतात: १, ३, ९ आणि २७. पंचवीस किलो तोलायचे तर मालाच्या पारड्यात ३ चं माप टाकायचं, समोर २७ आणि १. त्रिमानात पंचवीस म्हणजे २२१. जिथे २ दिसेल तिथे उणे एक लिहायचं आणि डावीकडे एक हातचा न्यायचा. दोन वेळा हातचा नेला की एक, शून्य, उणे एक, एक असे चार अंक मिळतात, आणि तीच मापांची मांडणी.

उत्तर एकच का, हेही मोजून दिसतं. प्रत्येक माप तीन ठिकाणी असू शकतं: या पारड्यात, त्या पारड्यात किंवा बाजूला. चार मापांच्या एक्क्याऐंशी मांडण्या. उणे ४० ते ४० या संख्याही एक्क्याऐंशीच. एकही मांडणी वाया जात नाही. १७४८ मध्ये ऑयलरनं हीच गोष्ट एका अनंत गुणाकारात मांडली. या लेखनात ऋण संख्येला वेगळं चिन्ह लागत नाही. सगळे एक आणि उणे एक उलटे केले की संख्या ऋण होते, आणि सर्वात डावीकडचा अंक तिचं चिन्ह सांगतो.

याच सोयीमुळे इंग्लंडमधल्या ग्रेट टॉरिंग्टनच्या थॉमस फाउलरनं १८४० मध्ये या पद्धतीवर चालणारं लाकडी गणकयंत्र बनवलं, आणि १९५८ मध्ये मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव यांच्या गटानं ‘सेतुन’ हा त्रिमान संगणक उभा केला. तिथल्या एका नदीचं नाव त्याला दिलं होतं, आणि तशी जवळपास पन्नास यंत्रं तयार झाली. तीनच्या पायाला काटकसरीचंही पाठबळ आहे. दहा लाख संख्या दाखवायच्या, तर दशमानात सहा घरं आणि प्रत्येकात दहा चिन्हं, गुणाकार साठ. द्विमानात वीस घरं, गुणाकार चाळीस. त्रिमानात तेरा घरं, गुणाकार एकोणचाळीस. फरक थोडा आहे, पण तो तीनच्या बाजूनं आहे. यंत्रांचा इतिहास या पुस्तकात थोडक्यातच आला आहे. त्याला स्वतंत्र ग्रंथ हवा.

पुस्तकाचा उत्तरार्ध ज्या संख्यांनी व्यापला आहे, त्या म्हणजे त्रिमानात एकही २ नसलेल्या संख्या: ०, १, ३, ४, ९, १०, १२, १३, २७ अशा. पॉल एर्डोश आणि पाल तुरान यांनी १९३६ मध्ये तीन संख्यांच्या अंकगणिती श्रेढीविषयी प्रश्न विचारला, तेव्हापासून या यादीला महत्त्व आलं. यादीतल्या कोणत्याही तीन वेगळ्या संख्या अंकगणिती श्रेढीत येत नाहीत, आणि त्याचं कारण दोन ओळींत सांगता येतं. मधल्या संख्येची दुप्पट केली की तिचे सगळे अंक ० किंवा २ होतात. बाजूच्या दोन संख्यांची बेरीजही तेवढीच हवी. त्यांचे अंक ० आणि १ असल्यानं हातचा येत नाही, म्हणून २ हवा तिथे दोघांचाही १ आणि ० हवा तिथे दोघांचाही ०. म्हणजे त्या दोन संख्या एकच. १९८३ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये विचारलं होतं, की एक लाखाच्या आत १९८३ संख्या अशा निवडता येतील का, की त्यांतल्या तीन कधीच अंकगणिती श्रेढीत येणार नाहीत? त्रिमानात अकरा घरं घेऊन फक्त ० आणि १ वापरले तर २०४८ संख्या मिळतात आणि त्यांतली सर्वात मोठी ८८,५७३. उत्तर होकारार्थी, आणि पासष्ट शिल्लक. हीच यादी सर्वांत दाट असेल असा काही काळ समज होता. १९४२ मध्ये सालेम आणि स्पेन्सर यांनी तो चुकीचा ठरवला. तो भाग थोडा कठीण आहे, पण वगळू नये.

आणि शेवटी तो प्रश्न, ज्याच्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं. दोनचे घात त्रिमानात लिहा. १ म्हणजे १. २ म्हणजे २. ४ म्हणजे ११. ८ म्हणजे २२. १६ म्हणजे १२१. ६४ म्हणजे २१०१. २५६ म्हणजे १००१११. पुन्हा एकदा २ नाही! १०२४ म्हणजे ११०१२२१, आणि इथे तो परत आला. एर्डोश यांनी १९७९ मध्ये अनुमान मांडलं, की २५६ च्या पुढे दोनच्या प्रत्येक घातात किमान एक २ असतोच. अपवाद तीनच: १, ४ आणि २५६.

शेवटचे अंक आपल्या ताब्यात आहेत. दोनच्या घातांचे शेवटचे तीन अंक अठरा-अठरांच्या चक्रात फिरतात, आणि त्या अठरांपैकी चारच २ पासून मुक्त असतात: घातांकाला अठराने भागून बाकी ०, २, ६ किंवा ८ उरली तरच. दहा अंक तपासले, तर ३९,३६६ च्या चक्रात फक्त ५१२ उरतात. प्रत्येक नव्या घराबरोबर एकतृतीयांश उमेदवार गळतात. अठरावा घात बघा, २,६२,१४४. त्याचे शेवटचे तीन अंक ००१, अगदी निर्दोष. पण संपूर्ण लिहिला तर १११०२२१२१००१, आणि मध्ये २ दिसतोच. घातांक मोठा तितकी घरं जास्त, आणि प्रत्येक घर २ मधून सुटण्याची शक्यता कमी. सगळं अनुमानाच्या बाजूनं बोलतं. तरी सिद्धता नाही, कारण शेवटचे अंक बाक्यांवरून कळतात, सुरुवातीचे अंक आकारमानावरून कळतात, पण मधल्या अंकांना हात लावायचं साधन आपल्याकडे नाही. १९८० मध्ये नार्किएविच यांनी दाखवलं, की अपवाद असलेच तर ते फार विरळ असतील. २००९ मध्ये जेफ्री लागारियास यांनी प्रश्न व्यापक रूपात मांडला. २०२२ च्या एका गणनेनं जवळपास ५.९ गुणिले १० चा २१ वा घात एवढ्या घातांकांपर्यंत नवा अपवाद नसल्याचं तपासलं. एवढ्यानं अनुमान सिद्ध होत नाही, आणि गणितात सिद्धतेला पर्यायही नाही.

हा प्रश्न एकटा उभा नाही. १८५२ मध्ये कुमरनं सिद्ध केलं, की काही वस्तूंतून नेमक्या निम्म्या निवडण्याच्या प्रकारांत तीनचा घटक किती वेळा येतो, हे ती निम्मी संख्या त्रिमानात स्वतःशीच मिळवताना येणाऱ्या हातच्यांइतकं असतं. हातचा तेव्हाच येतो, जेव्हा २ असतो. म्हणून २० वस्तूंतून १० निवडण्याच्या १,८४,७५६ प्रकारांना तीनने भाग जात नाही, कारण दहा म्हणजे १०१. ५१२ मधून २५६ निवडण्याच्या प्रकारांनाही जात नाही. पाच आणि सातसाठी याच जातीचे नियम आहेत: पाचच्या पायावर दोनपेक्षा मोठा अंक नको, सातच्या पायावर तीनपेक्षा मोठा नको. दहा पाचच्या पायावर २० आणि सातच्या पायावर १३, म्हणून १,८४,७५६ ला तीन, पाच, सात यांपैकी कोणीच भागत नाही. त्यानंतरची अशी संख्या थेट ७५६ : त्रिमानात १००१०००, पाचच्या पायावर ११०११, सातच्या पायावर २१३०. मग ७५७, मग ३१६०. अशा संख्या अनंत आहेत का? दोन विषम अविभाज्य संख्यांसाठी एर्डोश, ग्रॅहम, रूझा आणि स्ट्राउस यांनी १९७५ मध्ये होकारार्थी उत्तर सिद्ध केलं. तीन, पाच, सात या तिघांसाठी रॉन ग्रॅहम यांनी हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं.

या पुस्तकासाठी भागाकार, बाकी आणि हातचा एवढंच यावं लागतं. बाकीचं जिथल्या तिथे समजावलं आहे. पेन्सिल मात्र जवळ असू द्या. दोनच्या विसाव्या, चोविसाव्या आणि सव्विसाव्या घातात २ नेमका कितव्या घरात येतो, हे पहिलं प्रकरण उघडण्याआधी स्वतः काढून बघावं.